मी केलेली तुलना

मोंतेविदेओ, मंगळवार

एल्विराताईस सप्रेम नमस्कार,

रविवारच्या संघातून आपल्या रामिरोला वगळलंय. प्रशिक्षक बेनितेस यांनी आज सकाळी मला स्वतः सांगितलं. पोरगा धडधाकट आहे, जेवतोही पोटभर. काळजी करू नकोस.

"तुझा भाचा पूर्वी चेंडू येण्याआधीच मागे बघून घ्यायचा आणि एका स्पर्शात पुढे द्यायचा," ते म्हणाले. "आता चेंडूवर पाय ठेवतो, जसा काही फोटो काढून घ्यायला उभा आहे. हे खूळ कुणी घातलं त्याच्या डोक्यात?"

चेंडू थांबवून सगळं मैदान खेळवणाऱ्या जुन्या खेळाडू साल्गेइरोशी त्याची तुलना मीच आमच्या पेपरात छापली होती. पान छपाईला जायचं होतं, मथळ्याला मोठं नाव हवं होतं. ते कात्रण त्याने कपाटाच्या दारावर चिकटवलंय. तू भिंतीवर लावलेलं तेवढं उतरव, ताई.

तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अजून अंगणभर असतात का? त्यांना चुकवतानाच रामिरो मान वळवून खेळायला शिकला.

साल्गेइरोला आधी बघून घ्यायची सवय नव्हती, म्हणून त्याला थांबावं लागायचं. मला हे तेव्हाही माहीत होतं. गुरुवारी रामिरो राखीव संघाकडून खेळेल. त्याआधी मी त्याला हे सांगणार आहे.

तुझा धाकटा,
ओस्वाल्दो