रबरी बाईचं लुगडं

माय, आमच्या कॉलेजात एक रबरी बाई आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाला परत कसं आणायचं, हे मी डॉक्टरकीच्या पोरांना तिच्यावर शिकवते. तिला मी नरसीहून आणलेलं लुगडं नेसवते, तिच्या डोक्यावरून पदर देते. पोलक्याला पुढून चिकटपट्टी शिवून घेतली आहे, म्हणजे झटक्यात उघडता येतं. पोरं हसतात. "अक्का लग्नाला निघाल्या का, मॅडम?"

आज एका तांड्यावरच्या पोरीचा नंबर होता. बाकीच्यांना मी सासरची मंडळी म्हणून भोवती उभं केलं. ती धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि आधी तिनं रबरी बाईचा सरकलेला पदर नीट केला. मग छातीवर हात ठेवले. माझं घड्याळ चालूच होतं.

डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला मी तुला आमच्या टेबलावरच्या बाईच्या प्रेताच्या गमती सांगत होते, तेव्हा तू भाकरी थापायची थांबलीस. "हसून काय राहिली? झाकत जा तिला. कोणाची तरी माय असंल." त्यानंतर मी कधी हसले नाही. दुसऱ्या वर्षी सुट्टीला आले आणि तू हळद शिजवायच्या कढईपाशी कोसळलीस. मोठे बाबा, गडी, सगळे चार हात लांब उभे. बाईमाणसाला हात कोण लावणार? मोठे बाबा म्हणतात, "तू डाक्टर होऊन राहिलीस ना, पाह्य." मी वाकते. त्यांच्यासमोर, थोरल्या दिरासमोर, तुझं डोकं मी कधी उघडं पाहिलेलं नाही. मी लुगडं पायांवर ओढते, पदर तुझ्या डोक्यावर घालते, खांद्याशी खोचत बसते. तुझी घरघर चालू असते. ती थांबल्यावर मी छाती दाबली, तीही पदरावरून, हलक्या हातानं. घरी सगळ्यांना सांगितलं, मी हात लावायच्या आतच सगळं संपलं होतं.

त्या पोरीला मी रागावले नाही. आधी छाती, झाकणं नंतर, एवढंच म्हटलं. ती खाली बघत म्हणाली, "हात आपोआपच गेला, मॅडम." मग मी तिला एका पोरीची गोष्ट सांगितली, जिनं आपल्या आईला असंच आधी झाकलं होतं. ती पोरगी कोण, ते सांगितलं नाही.

सगळे गेल्यावर ती दारातून परत आली. "त्यांची आई वाचली का, मॅडम?"

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते, माय. मी म्हटलं, वाचली.