कारण : पीकसंरक्षण

६ ऑक्टोबर २०२५
देवघर. लेथचं स्टँड. सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या. पुस्तकांचं कपाट — एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे. वडिलांच्या बारा बोअर बंदुकीचा नवा दस्ता — सागाचा नव्हे, अक्रोडाचा! हे सगळं माझ्या हातचं. आणि काल टीव्हीवरच्या चर्चेत चॅनलवरची पोरगी ओळख करून देते, "दहावी पास असूनही शस्त्रकायद्याचे अभ्यासक!" असूनही!

मी म्हणालो, सरसकट बंदी हा मूर्खपणा. रानडुकरं भात तुडवतात तिथे बंदूक हवीच. पण मिरवायला, हळदीत बार काढायला ठेवली असेल तर परवाना काढून घ्या. आणि दर नूतनीकरणाला गरज तपासा. गरज संपली, बंदूक जमा! समोरचे निवृत्त साहेब वैतागले. "तुम्ही नेमके कुठल्या बाजूचे?" म्हटलं, बाजू कबड्डीत असतात.

८ ऑक्टोबर
फोनवर शिव्या. बंदीवाले मला गुंड म्हणतात, बंदुकीचे हौशी मला भित्रा म्हणतात. दोन्हीकडून सारख्याच — म्हणजे माप बरोबर.

११ ऑक्टोबर
रोडपालीचा काशीराम आला. बंगला नवा, बंदुकीचा परवाना जुना. दस्त्यावरून हात फिरवत बसला. "भाऊ, ही मला द्या. रीतसर कागद करू. हॉलमदी टांगीन, खाली तुमचा नाव लिवीन!"
म्हटलं, मी आहे तोवर ती या घरातून हलणार नाही.
"मंग टीवीवर काय बोलत व्हता?" — हसला, चहा पिऊन गेला. जाडा, पण बिनडोक नाही.

१४ ऑक्टोबर
माझ्याच परवान्याची मुदत संपतेय. अर्ज भरायला बसलो. कारण : पीकसंरक्षण. शशिकला खांद्यावरून वाचत होती.
"कुठलं पीक?"
"नेऱ्याच्या शेतातलं."
"ते तीन वर्षांपूर्वी विकलं आपण. टॉवर झालाय तिथे. डुकरं काय लिफ्टने येतात?"
नवरा बंदूकवाला आहे याची या बाईला जराही भीती नाही!
मग 'स्वसंरक्षण' लिहावं म्हटलं. कोणापासून? सोसायटीच्या सेक्रेटरीपासून?
अर्ज तसाच ठेवला. 

१५ ऑक्टोबर
नळी साफ केली. दस्त्याला जवसाचं तेल लावलं. दुपारभर लावत होतो.

१७ ऑक्टोबर
बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. परवानाही. ठाण्यात शिरताना दारातच काशीरामचा फोन — बंदुकीचे साडेचार लाख देतो. नाही म्हटलं.