नटावरची लाल रेघ

मंगळवार, २ जुलै

अल्टरनेटर बसवला एकदाचा! आणि आमच्या अपाम गावच्या अख्ख्या किनाऱ्याने फुकटचा तमाशा पाहिला.

सकाळपासून इंजिन वाळूत, लाकडी घोडीवर टांगलेलं. चाळीस घोड्यांचं, दोरी ओढून चालू करायचं, फोनसाठीची बॅटरी चार्ज करायची सोय मुळात नाहीच. म्हणून मी बाहेरून अल्टरनेटर आणला — एका लहान मोटारीचा. फिटर ओटूने अँगल कापून त्याला बैठक वेल्ड केली, फ्लायव्हीलवर पुली बोल्टांनी आवळली, बेल्ट चढवला. दोरीचा डबा आता वर मावत नाही, दोरी हाताने गुंडाळायची. इंजिनाचा टोपही बसेना, तोही कापला. मीच म्हटलं, काप!

फीफी जाळ्यावर बसून बघत होता. माझा धाकटा भाऊ, माझ्या होडीचा तांडेल, आणि मदतीला एक बोट पुढे करेल तर शपथ. "ताई, पुढच्या मंगळवारी फ्रीज बसव," म्हणाला. सगळे हसले. मी पान्हा हातात धरून उभी होते, कुणाच्या डोक्यात घातला नाही हे नशीब.

हसा. सहा वर्षांपूर्वी क्वेकू गेला तेव्हा नाही हसलात. एक्केचाळीस वेळा फोन लावला मी माझ्या नवऱ्याला. दर वेळी तीच बाई, तोंडात साखर ठेवल्यासारखी — आपण लावलेला नंबर बंद आहे. बॅटरी उतरली होती त्याची. वारा फिरला, आणि हातात फोन असून माणूस मुका! पंधरा होड्या शोधायला तयार होत्या, पण जायचं कुठे? चौथ्या दिवशी एक फळी मिळाली. तिच्यावर त्याने स्वतः रंगवलेलं नाव — ओबापा, भली बाई. म्हणजे मी. तीच फळी नव्या होडीला ठोकली आहे. फीफी त्या दिवशी तापाने घरी होता, म्हणून तो तेवढा उरला.

या हंगामापासून जोजो जातो. माझा एकुलता एक, बापासारखाच रुंद खांद्यांचा. त्याचा फोन बंद पडता कामा नये. बस, एवढंच. यात हसण्यासारखं काय आहे?

चाचणी ड्रममध्ये घेतली, अर्धा कापलेला ड्रम पाण्याने भरून. दुसरं करणार काय? ओटूला दिवसभर सवड असते ती फक्त मंगळवारी, आणि मंगळवारी समुद्रात पाऊल टाकायचं नाही. तो समुद्राचा दिवस. पण मीटरचा काटा चौदा व्होल्टवर गेला! ओटू म्हणाला, "आँटी अराबा, झालं तुमचं काम." अर्ध्या तासात बेल्टाची काळी भुकटी सगळीकडे उडाली. ती पुसून मी टोपाला आतून पांढरा रंग दिला. स्वच्छ असलं की दोष दिसतो.

बुधवार, ३ जुलै

गेले. बर्फ, गारी म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, पाणी, चार दिवसांची शिदोरी. दुपारी जोजोला फोन लावला, लागला! "आई, परत परत नको करूस, हसतात इथे." हसू देत. आज आंबवलेल्या मक्याची केंकी दोन घास जास्त गेली.

शुक्रवार, ५ जुलै

कालपासून बंद आहे. रेंज नसली तर ती बाई वेगळं वाक्य बोलते. मला दोन्ही पाठ आहेत. हे बंदचंच.

शनिवार, ६ जुलै

आले. जिवंत आहेत, म्हणून आधी देवाचे आभार मानले आणि मग तोंड सोडलं.

बॅटरी ठार! फीफी म्हणतो, दुसऱ्याच दिवशी बेल्ट उडाला. भर समुद्रात कोण चढवत बसणार? "ताई, ड्रम म्हणजे ड्रम आणि समुद्र म्हणजे समुद्र. ड्रममध्ये तर मीही पोहतो." यावर पुन्हा हशा. मासळीही बेताचीच. बर्फ मात्र सगळा संपला. कशावर संपला?

ओटूच्या दुकानात जाऊन त्याला शब्दांनी झोडपलं. बिचारा शपथा घेत होता. मी ऐकून घेतलं नाही.

मंगळवार, ९ जुलै

नवा बेल्ट. ओटूने पुल्या सुतळी धरून एका रेषेत आणल्या, ताण देणारा नट मी स्वतः आवळला. पुन्हा ड्रम, पुन्हा चौदा.

मला हे समुद्रात बघायचं आहे, पूर्ण वेगाला! ड्रममध्ये इंजिन अर्ध्यावर गेलं की पाणीच बाहेर उडतं, मग कळणार काय? किनाऱ्याच्या मुखियाकडे गेले. म्हटलं, एक तास द्या, आजच, किनाऱ्याजवळ. म्हातारा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्या खुर्चीला आग लावते आहे. मंगळवारी होडी लोटली तर बकरा आणि दारूच्या बाटल्या दंड, शिवाय मासळी रुसेल ती वेगळीच. बरं, मग उद्या मीच जाते होडीतून! तर त्यालाही नाही. बाईने मासेमारीच्या होडीत बसायचं नाही. इंजिन बाईचं चालतं, बर्फ बाईचा चालतो, पेट्रोल बाईचं चालतं — बाई चालत नाही! "तू मंगळवारी जन्मलीस ना अराबा, म्हणून अशी डोकं फिरल्यासारखी," म्हणाला वर.

मग ओटूला म्हटलं, तू जा. तर त्याला बंधाऱ्यावर उभं राहूनही मळमळतं. होड्यांच्या इंजिनाचा फिटर, आणि समुद्र लागतो! हसावं की रडावं.

येताना चटकन सुचलं. माझी नखं रंगवायची लाल बाटली आणली आणि नटावरून खाली बैठकीपर्यंत एक बारीक रेघ ओढली. नट आपसूक सैल झाला तर रेघ थोडी सरकेल, मग दोष ओटूच्या बैठकीचा. ओटू म्हणाला, "इंजिन लग्नाला निघालंय का?" म्हटलं, तुझ्या.

गुरुवार, ११ जुलै

बंद.

शनिवार, १३ जुलै

फीफीने बेल्ट हातात दिला, म्हणाला, पुन्हा उडाला. सगळे बर्फ उपसत होते तेव्हा मी गुपचूप टोप उघडला.

रेघ थोडी सरकलेली नव्हती. चांगला पाव फेरा! नटाच्या कडांवर पान्ह्याचे ताजे ओरखडे. आणि आत माझा पांढरा रंग जसाच्या तसा, भुकटीचा एक कण नाही. ड्रममध्ये अर्ध्या तासात काळं झालं होतं. समुद्रात दिवसभर पळून बेल्ट असा धुतल्या तांदळासारखा?

उडाला नाही. काढला! किनारा नजरेआड झाला की पान्हा लावून काढला, आणि परत येताना उडाल्याचं सोंग. आठवडाभर मी ओटूला शिव्या घातल्या. आठवडाभर मी त्या निर्जीव यंत्राला शिव्या घातल्या. आणि माझा सख्खा भाऊ समोर बसून माझ्याच घरची केंकी खात होता!

टोप होता तसा लावून ठेवला.

रविवार, १४ जुलै

चर्चहून आल्यावर जोजोला समोर बसवलं. बेल्ट कोण काढतं? तो माशाचे काटे एका ओळीत लावत बसला. शेवटी म्हणाला, "मामाला विचार." म्हणजे यालाही माहीत होतं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाही!

त्याच्या पुढचं ताट उचललं मी. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवार, १६ जुलै

सगळा किनारा जाळी शिवायला बसला होता. मुद्दाम तेव्हाच गेले. बेल्ट फीफीच्या मांडीवर टाकला आणि विचारलं.

आधी कांगावा. मग निघालं एकेक करून. दर खेपेला पलीकडच्या विनेबा गावी होडी लावतात. निम्मी मासळी, तीही चांगली, तिथल्या एका बाईला विकतात, आणि मग उरलेलं घेऊन माझ्याकडे. फोन चालू असला तर मी विचारणार, कुठे आहात, काय लागलं. फोन मेलेला बरा. बॅटरी उतरली म्हटलं की कुणी उलट विचारत नाही. आणि मी मूर्ख, ती उतरू नये म्हणून इंजिन कापत बसले! त्यांची सबबच काढून घेत होते मी.

इंजिन ज्या बाईचं, तिला मासळी आधी. हा इथला कायदा आहे, मुखियाच्या आजोबांपासूनचा. तो मोडला म्हणून जेवढी ओरडायला हवी होती तेवढी ओरडलेच. पण मला आग लागली ती मासळीपायी नाही. घे म्हणावं मासळी! मी म्हणाले, "ज्या बॅटरीने क्वेकूला मारलं, ती तू माझ्या पोराच्या होडीत हाताने मारतोस?"

फीफीचा चेहरा उतरला. जाळ्याची सुई खाली ठेवली त्याने. "ताई, क्वेकूचं नाव यात आणू नकोस," म्हणाला.

का नको? मी तर दहा वेळा आणलं. सगळ्यांसमोर. तो उठून निघून गेला.

तांडेल बदलणार. उद्या सकाळी सांगते.

बुधवार, १७ जुलै

सांगायच्या आधी फीफीच आला. चुलीपाशी उभा राहून बोलला, बसला नाही.

क्वेकू गेला त्या दिवशी त्याला ताप नव्हता. तो होडीत होता. विनेबाला मासळी घेऊन उतरला, विकून मोटारीने घरी आला, म्हणून वाचला. क्वेकू दोघांना घेऊन होडी परत आणायला निघाला तेव्हा वारा सुटलाच होता. आणि त्याच्याही आधी, विनेबाचा किनारा दिसल्यावर, क्वेकूने फोन हातात घेतला. "अराबा विचारेल कुठे आहेस," म्हणाला, आणि स्वतः बंद करून गारीच्या डब्यात ठेवला. नंतर चालू करायचा राहिला असेल.

मी खाली होडीपाशी गेले. बेल्ट चढवला, नट आवळला, नवी रेघ ओढली. ओबापाच्या फळीकडे पाठ करून.

त्या दिवशी क्वेकूच्या फोनची बॅटरी भरलेली होती.