आयेचे बोंबील वाळवंटात गेले त्याची हकीकत

बोईसर,
वैशाखातला एक घामट रविवार

तीर्थस्वरूप कमलाकांत मामा यांना भाचा कुंदन याचा वाकून नमस्कार (वाळवंटातून आल्यापासून कंबर पूर्ण वाकत नाही, तेव्हा जेवढा झाला तेवढा गोड मानून घ्यावा). पुष्पलता मामींचा खोकला गेला का? बोटीचं इंजिन अजून धूर काढतं का? तुमचा दुखरा खांदा, मामींचा तुटलेला दात आणि अंगणातली ती चावकी कोंबडी, सगळ्यांची विचारपूस केली असं समजा. तुम्ही म्हणाल, तारापूर इथून हाकेवर, खिशात फोन, मग पत्र कशाला? तर मामा, फोनवर माझं वाक्य अर्ध्यात असतानाच तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. पत्राला तसं करता येत नाही.

आम्ही राजस्थानात जाऊन आलो. दोष स्वराचा. ती आता नऊ वर्षांची झाली आणि तुमच्या दारातल्या वाळूत खेळून वाढली, त्यामुळे तिने एके दिवशी जेवताना विचारलं, की समुद्र नसलेली वाळू कुठे असते का. मी म्हणालो, असते की, जैसलमेरला नुसते डोंगरच्या डोंगर. रुचिता म्हणाली, मग दाखवा पोरीला. मी कंपनीत दिवसभर वाल्व्ह उघडतो आणि बंद करतो, पण घरात तोंडातून एकदा सुटलेला शब्द बंद करायची चावी मला अजून सापडलेली नाही. परीक्षा संपली आणि आम्ही निघालो: मी, रुचिता, स्वरा, पाच वर्षांचा मेहुल आणि आये, म्हणजे तुमची हिराताई. (एप्रिलच्या शेवटी वाळवंट स्वस्त मिळतं. का मिळतं, ते तिथे पोचल्यावर कळतं.)

आयेने सोबत सुके बोंबील घेतले. पिशवीभर. रुचिताने समजावलं, की आपण उतरणार तो तंबूंचा कॅम्प शुद्ध शाकाहारी आहे. आये म्हणाली, "असू दे. मी त्यांना कुठं खायला सांगतंय? पोरांना तिकडचं नाय रुचलं तर?" पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे तुम्ही लहानपणापासून जाणता. गाडीत मात्र त्या पिशवीने आमची फार सोय केली. समोरचं कुटुंब सुरतेच्या आधीच आपणहून दुसरीकडे बसायला गेलं आणि आम्ही पाय पसरून प्रवास केला.

कॅम्पवर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. जीपमधून उतरून पाहतो तर चारही बाजूंना वाळू. मेहुल बराच वेळ बघत राहिला आणि मग आजीला म्हणाला, की ओहोटी लागलीय. आयेनेही कपाळावर हात धरून नजर लांबवर टाकली. "हां रं, लय लांब गेलाय दर्या," ती म्हणाली. ती थट्टा करत होती, पण पोराने ते खरं धरलं. तो चपला काढून तिथेच बसला आणि भरती आल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. शेवटी तिथला उंटवाला, खेताराम, त्याच्यापाशी येऊन बसला. उंच माणूस, भरघोस मिशा, डोक्यावर केशरी पागोटं. त्याने विचारलं, "छोटे सेठ, किसका इंतजार है?" मेहुलने आपल्या बोईसरच्या हिंदीत त्याला सांगितलं, की पाणी आत गेलंय, आता परत येईल. खेतारामने माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं, की आमच्याकडे समुद्र रोज असा मागे जातो आणि पुन्हा येतो. तो विचारात पडला. "पानी जाता है, यह तो हमने बहुत देखा," तो म्हणाला. "अपने आप वापस आता है, यह नहीं देखा." मामा, या माणसाने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याच्या उंटाचं नाव बादल, आणि ढगसुद्धा तिकडे उंटाइतके सहज दिसत नाहीत.

रात्रीच्या जेवणाला मॅनेजर नाक वर करून, वास घेत सगळ्या तंबूंभोवती फिरला आणि आमच्यापाशी थांबला. माणूस सभ्य. त्याने पिशवी तंबूबाहेर खांबाला टांगायची विनंती केली. सकाळी उठून बघतो तर पिशवीचा कोपरा फाटलेला, खाली दोन शेपट्या पडलेल्या आणि बादल बाजूला उभा राहून जबडा असा गोल फिरवतोय, की मामी पान खातात तेव्हाच मी तसा पाहिलाय. (हे मामींना वाचून दाखवू नये.) उंट मासे खातो हे मला ठाऊक नव्हतं. खेतारामलाही नव्हतं. बादललाही आदल्या दिवसापर्यंत नसावं.

आयेने फाटक्या पिशवीला गाठ मारून उरलेले बोंबील खांद्याला लावले आणि आम्ही वाळूच्या टेकडीवर फिरायला निघालो. मेहुलला बादलवर बसवलं होतं, उंट अजून बसलेलाच होता, खेताराम कासरा खाली ठेवून चहाचा पेला घ्यायला वळला, तेवढ्यात आये पुढून गेली. वारा तिच्याकडून बादलकडे. उंट उठतो कसा ते सांगतो: आधी मागचं अर्धं उठतं आणि बसलेला माणूस थेट वाळूत तोंड घालायला निघतो, तो देवाचं नाव घेईतो पुढचं अर्धं उठतं आणि त्याचं डोकं पाठीमागे जातं. उठला आणि बादल निघालाच. आपल्या मागे उंट येतोय म्हटल्यावर आये भराभर चालू लागली. मग पळू लागली. ती पळते म्हणून तो पळतो, तो पळतो म्हणून ती पळते, आणि वरून मेहुल ओरडतोय, "आये, पिशवी टाक." पण तुमच्या बहिणीने आजवर हातची मासळी कधी टाकली आहे का? बघता बघता दोघं टेकडीपलीकडे दिसेनाशी झाली.

मामा, थट्टा बाजूला. वाळूत वर चढायला जावं तर पाऊल तेवढंच खाली घसरतं. पलीकडून ना उंटाचा आवाज, ना आयेचा. मनात नाही नाही ते आलं. मी जीव तोडून धावलो, सगळ्यांच्या पुढे होतो, आणि माथ्यावर पोचून पाहिलं तर आये धापा टाकत वाळूत बसलेली, तिच्यासमोर बादल गुडघे मोडून बसलेला, आणि ती एकेक बोंबील त्याला भरवतेय. "सावकाश खा रं," ती त्याला दटावत होती, "काटा लागंल."

इथवर ठीक होतं. पण त्यानंतर बादल ज्याच्या त्याच्या पिशवीत तोंड घालू लागला. एका बाईंची वेणी हुंगली. मॅनेजरने खेतारामला सगळ्यांसमोर बोल लावले आणि उंट घेऊन जायला सांगितलं. हंगामाचे शेवटचे दिवस, त्यावर त्याचं घर चालायचं. तो कासरा धरून निघाला. आयेला ते बघवेना. ती त्याच्यामागे चालू लागली, मग आम्हीही. त्याच्या घरी जाऊन तिने त्याच्या बायकोचे, धापूचे हात धरले. दोघींना एकमेकींचं बोलणं अवाक्षर कळत नव्हतं, तरी दुपारभर बोलत बसल्या. धापूने बाजरीच्या भाकऱ्या दिल्या. आये चुलीपाशी बोंबील भाजायला बसणार होती, पण रुचिताने डोळे वटारले. खेतारामच्या दोन मुली मेहुलला परत परत विचारत होत्या, की पाणी परत येतं तेव्हा आवाज होतो का. तो तोंडाने लाटेचा आवाज काढून दाखवायचा आणि त्या हसून लोळायच्या.

संध्याकाळी आये स्वतः मॅनेजरपुढे उभी राहिली. "चूक माज्या पिशवीची हाय," ती म्हणाली. "मुक्या जनावराला का बोलता?" त्याला किती समजलं कोण जाणे, पण पिशवी रिकामी झाली, दुसऱ्या दिवशी बादल पुन्हा साधूसारखा वागू लागला, आणि खेतारामला कामावर परत घेतलं.

तर अशी आमची सहल. पोरं खूश आहेत, आये ठणठणीत आहे. मामींना नमस्कार, कोंबडीला लांबून.

तुमचा भाचा,
कुंदन

ता. क. निघताना आमच्या आयेने खेतारामच्या कुटुंबाला समुद्र बघायला बोलावलं. मीही मान डोलावली. पण आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून फक्त कारखान्याची धुरांडी दिसतात, तुमच्या ओट्यावर बसलं तर पाय भिजतात. तेव्हा त्या चौघांची चार दिवस तुमच्याकडे सोय होईल का? उंट भावाकडे ठेवलाय, त्याची काळजी नको.

ता. क. दुसरा. ते कालच गाडीत बसले. केशरी पागोट्यातला उंच माणूस या पत्राआधी दारात आला, तर हे पत्र वाचलं असं समजावं.

ता. क. तिसरा. मामा, मी रुचिता. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. उंटावर मेहुल नव्हता. तो खेतारामच्या चहात बिस्किट बुडवत होता. उंटावर हे होते, डोळे मिटून, दोन्ही हातांनी वशिंड कवटाळून. टेकडीवर धावले ते मी आणि स्वरा. आणि मेहुल आजीला आये म्हणत नाही. पाहुण्यांचं तुम्ही मनावर घेऊ नका, मामींशी माझं परवाच बोलणं झालं. अंगणात सगळ्या गाद्या उन्हात का पडल्यात, ते तुम्ही अजून विचारलं नसेलच.