डबीखालची जागा

४ नोव्हें., मंगळ.
लातूर. मॅडमकडं तिसरी खेप. घरी सांगितलंय, गुडघ्याची मालिश. मनाच्या डॉक्टरीणबाईकडं जाते म्हटलं तर रेणापूरभर डंका. धडधड होते म्हणून ईसीजी काढला, चांगला आला. "काही नाही ताई, मनाचं आहे," म्हणून मोठ्या डॉक्टरांनी इकडं धाडलं.
मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, अंगठ्यापासून वर या, कुठं काय वाटतं सांगा. "काहीच वाटत नाही हो." खरंच. बावीस वर्षं आमच्या कापडाच्या दुकानात उभी, दुखले तरच पाय आहेत. रोज लिहा म्हणाल्या. लिहितेय.

८ नोव्हें., शनि.
पूजा झाल्यावर दार लावून मॅडमनी सांगितलेलं केलं. पोटऱ्या जाणवल्या! गरम, जड. अगं बाई, तुम्ही आहात होय! रडूच आलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
छातीपाशी आले की डावीकडं टोचतं. गळ्यातल्या इष्टलिंगाची डबी. चांदीची, सासऱ्यांनी लग्नात दिलेली. कड रुतते. सासूबाईंनाही रुतते, आम्हा लिंगायतांत कुणाला रुतत नाही?

११ नोव्हें., मंगळ.
मॅडम : "हात छातीवर." हात डबीवर पडला. "ती जरा बाजूला घ्या ना." माझं तोंड बघून लगेच, "काढायला नाही सांगत." लिंग अंगावेगळं करत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक दिसतंय. उजवीकडं सरकवली. श्वास घेतला. टोचलं. तिथंच.
डबी तर तिथं नव्हती.
"सवय असंल," म्हणलं. मॅडम हसल्या नाहीत. "घरी बोटांनी बघा. नक्की बघा."

१२ नोव्हें.
बघितलं नाही. दुकानात लग्नाचा बस्ता, पंधरा बायका. ब्लाउजपीस दाखवता दाखवता जीव गेला.

१५ नोव्हें., शनि.
न्हाणीत बघितलं. चिंचोक्याएवढं. हलत नाही. बादली भरून वाहायला लागली, मी बसलेलीच. बाहेरून सासूबाई, "झोपलीस का गं आत?"
मूर्ख बाई मी. सगळं डबीवर ढकलून मोकळी. देवाचं म्हणून तिथं कधी बोट लावलं नाही. किती वर्षं? आठवत नाही. भ्या वाटतंय.

२० नोव्हें., गुरु.
नांदेड. छाती तपासायला आले. धाकट्या बहिणीला, सुनंदाला, सांगितलं, तिलाच सोबत घेतलं. बाकी कुणाला नाही. लातूरला गेलं तर रांगेत कुणीतरी पाव्हणं भेटणारच.
मशीनवरची पोरगी : "काकू, गळ्यातलं सगळं काढा." "हे काढत नाहीत आमच्यात." "मग मुठीत धरा, पण लवकर." डाव्या तळहातात घेतलं, रोज पूजेला घेते तसं. मशीन छाती दाबत होती आणि मी नमः शिवाय.
मग सुईनं तुकडा काढला. सुनंदाला म्हणलं, लई दुखलं. ती बघतच राहिली. "अक्का, तू कधी दुखतंय म्हणतच नाहीस की."

२३ नोव्हें., रवि.
आता सगळंच जाणवतंय. मान, बोटं, दातसुद्धा. मॅडमना फोनवर म्हणलं, याच्यापेक्षा आधीचंच बरं होतं. त्या म्हणाल्या, "राग आलाय का माझा?" आलाय. सांगून टाकलं.

२५ नोव्हें., मंगळ.
दुपारी नांदेडहून फोन. "रिपोर्ट आलाय. उद्या या. घरातल्या कुणाला तरी सोबत आणा." का, विचारलं. "डॉक्टर सांगतील."
दुकानात गेले. यांना गिऱ्हाइकासमोरच सांगितलं, थांबवेना. यांनी हातातलं कापडाचं थान खाली ठेवलं. "मला का नाही बोललीस?" काय सांगू? मलाच कुठं माहीत होतं. उद्या सकाळी सहाची गाडी धरायची म्हणाले, आणि शटर ओढलं. दोन वाजले होते फक्त.
संध्याकाळी आडवी झाले. अंगठा, टाच, पोटरी. मांडीपर्यंत आले आणि थांबले. वर जायची हिंमत होईना. हे दारात उभे. "काय करतीस?" छातीकडं बोट करून म्हणलं, "या. इथं हात धरा."