परत-मावशी आणि होकार सप्ताह

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी भाच्याचा, बसल्या जागेवरूनच, वाकून नमस्कार. (उठायचं त्राण नाही. राग नसावा.)

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. मामींनी मात्र खोकला अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावंच. इकडे सगळे ठीक. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज विचारलंत, "हल्ली तू इतका गप्प का असतोस?" मामा, प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तराला कागद लागतील. चष्मा लावून निवांत बसा.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचा कारखाना कुलुपं करतो. सहा महिन्यांपूर्वी नवे मुख्य साहेब आले आणि त्यांनी आल्या आल्या सांगितलं, की आपण कुलुपं करत नाही, विश्वास घडवतो. (गोदामात अजून कुलुपंच सापडतात.) त्यांच्या प्रत्येक तक्त्यावर वर जाणारा एक लाल बाण असतो, म्हणून आम्ही त्यांना बाणसाहेब म्हणतो, अर्थात मनातल्या मनात. "तीन वर्षांत पहिला क्रमांक" हे त्यांचं धोरण दोन दिवसांत तयार झालं. ते अमलात आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या टेबलावर "नियोजन" अशी पाटी आहे. धोरण वरून खाली उतरतं म्हणतात. आमच्याकडे ते उतरत नाही, पडतं. आणि बरोबर खाली मी बसलेला असतो.

पहिलं फर्मान असं, की आपल्या कामामुळे कंपनी पहिली कशी येईल हे प्रत्येकाने एका ओळीत लिहून द्यावं. दोनशे बारा कागद मी वाटले, दोनशे बारा गोळा केले, आणि (कुणीतरी वाचायला हवेतच म्हणून) वाचलेही. हिशेब खात्याने एका ओळीची तीन पानं केली होती. पॅकिंगवाल्यांनी "आम्ही मनापासून पॅकिंग करतो" एवढंच एकवीस जणांनी एकाच हस्ताक्षरात लिहिलं होतं. मात्र तपासणी टेबलावरच्या मावशींचा कागद मी दोनदा वाचला. या मावशी सव्वीस वर्षं तिथे बसून प्रत्येक कुलूप त्याच्या किल्लीने आणि मग चार परक्या किल्ल्यांनी फिरवून बघतात. परक्या किल्लीने उघडलं की त्यावर "परत" असा शिक्का. म्हणून नाव परत-मावशी. त्यांनी लिहिलं होतं : "कुलूप आपल्या किल्लीने उघडावं आणि दुसऱ्याच्या किल्लीने उघडू नये." मामा, सगळं धोरण त्यात होतं. मी तो कागद "अपूर्ण" या फायलीत लावला, कारण त्यांनी कागदाच्या तळाचा "लागणारा कालावधी" हा रकाना भरला नव्हता.

पुढे नियोजनात उत्पादन दुप्पट दाखवलं (मीच दाखवलं, बाण वर जायला हवा होता), आणि माल मावशींच्या टेबलाशी तुंबू लागला. बाणसाहेबांनी निदान केलं, की आपल्याकडे "नाही" म्हणायची संस्कृती आहे, ती बदलायची. आधी मोकळेपणासाठी सगळ्या खोल्यांची दारं काढली. (कुलुपांच्या कारखान्यात एक दार राहिलं नाही. हिशेबनीस कपाटाआड बसून डबा खातात.) मग आला होकार सप्ताह. सात दिवस कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही. भांडारवाल्याने एकच पितळेचा साठा तिघांना कबूल केला. ड्रायव्हर एकाच वेळी दोन गावांना जायला "हो" म्हणाला आणि कुठेच गेला नाही. मी संस्कृती समितीचा प्रमुख व्हायला हो म्हणालो.

प्रमुख म्हणून मावशींना समजवायला मलाच जावं लागलं.

"म्हणजे शिक्का मारायचा नाही?" त्यांनी विचारलं.

"हा आठवडा नको."

"आणि परक्या किल्लीने उघडलं तर?"

मी शिक्क्यासाठी हात पुढे केला. त्यांनी शिक्का पुसला, डबीत ठेवला आणि डबी माझ्या हातात दिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्याचा माल एका वसतिगृहाला गेला, तीनशे कपाटांसाठी. दुसऱ्याच दिवशी तिथल्या मुलींना शोध लागला, की कुठलीही किल्ली कुठल्याही कपाटाला चालते. सगळा माल परत आला, शिक्क्याशिवाय. लगेच बैठक. बाणसाहेब म्हणाले, चूक तपासणीची, बाईंना घरी पाठवू, सगळ्यांचं एकमत आहे ना? सवयीने सगळे "हो" म्हणाले. मावशी दाराच्या जागी उभ्या होत्या. आणि तेवढ्यात मी मोठ्याने "नाही" म्हणालो.

सगळ्या माना वळल्या. तोंडातून निघून गेलं होतं, मग बोलावंच लागलं. नियोजन माझं, शिक्का मी काढून घेतला, पाठवायचं तर मला पाठवा, असं काहीसं बोललो. मग भांडारवाला खाकरला आणि म्हणाला, "खरं आहे ते." मावशींची नोकरी राहिली. बाणसाहेबांनी मात्र फळ्यावर "निर्भीड मतभेद" असं लिहून खाली लाल बाण काढला. सोमवारपासून नकार सप्ताह आहे. प्रमुख मीच.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लिहिण्यात चूकभूल असेल तर थकव्याच्या नावे लिहावी.

तुमचा भाचा

ता. क. : तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही. बैठकीत चहावाले काका माझ्या कानाशी वाकून "अजून साखर?" असं विचारत होते. ते "नाही" त्यांना होतं. पुढचं सगळं मात्र मीच बोललो, शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी मावशींनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली. ती मी खाल्ली.

ता. क. २ : पत्राचं खरं कारण हे. नियोजनाची खुर्ची सोडून तपासणी टेबलावर मावशींच्या हाताखाली बसायचा अर्ज मी दिला आहे. पगार कमी, पाटी नाही. हे आईला तुम्ही सांगाल का? ती तुमचंच ऐकते. मी तीनदा सांगायला गेलो आणि तीनदा तिला नवे पडदे कसे दिसतात ते सांगून आलो.

ता. क. ३ : एवढ्यात सांगू नका. आज मावशींना विचारलं. माझ्याकडून दहा कुलुपं तपासून घेतली आणि म्हणाल्या, "हात जड आहे तुमचा. महिनाभर बघू, मग ठरवू."