कॅप्टन म्हणजे परमनंट

आई, मी कॅप्टन झाले. विमानात आता डाव्या खुर्चीवर बसते. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. तू अचानक गेलीस असं आम्ही इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो. बाबा अजूनही तसंच सांगतात: सकाळी चहा ठेवला, छातीत कळ आली म्हणाली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं, आधी काही म्हणजे काही नव्हतं. आधी होतं. चांगलं दोनेक वर्षं होतं, आणि ते तू माझ्या नोकरीसाठी लपवून ठेवलंस, हे मला गेल्या महिन्यात कळलं. तेव्हापासून मी तुझ्यावर चिडले आहे. पण रागाचं नंतर बघू. तू असतीस तर पहिला प्रश्न पगाराचाच केला असतास, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत, लोकांची पगारबिलं तपासण्यात गेली. त्यामुळे कोणाच्याही नोकरीचा विषय निघाला की तू आधी बेसिक विचारायचीस, मग माणसाचं नाव. मला विमान कंपनीचं पत्र आलं तो दिवस आठवतो. अकोल्यात जठारपेठेतलं आपलं स्वयंपाकघर, तू ज्वारीच्या भाकरी थापते आहेस, बाबा दारात उभे, आणि मी पाटावर बसून मोठ्या तोऱ्यात पगाराचा आकडा सांगते आहे. तू मान वर न करता म्हणालीस, "आकडा नको सांगू मले. बेसिक किती, ते सांग."

मग मी तुला समजावत बसले. महिन्याला काही तास ठरलेले असतात, त्यांचे पैसे ठरलेले. त्याच्या वर जेवढं उडू तेवढे तासाप्रमाणे जास्त. विमान जागेवरून हललं की तास सुरू, पोचल्यावर जागेवर थांबलं की बंद. मधे विमानतळावर ताटकळत बसलो तर तो वेळ त्यात धरत नाहीत. बाहेरगावी मुक्काम पडला तर त्याचा भत्ता वेगळा. तू ऐकून घेतलंस आणि तुझ्या पद्धतीनं तपासणी सुरू केलीस.

"म्हंजे इमान उभं असलं त पैसे नाई?"

"ठरलेले मिळतात गं. वरचे नाही."

"डीए?"

"नाही."

"पेन्शन?"

"नाही, आई."

"मंग हे त ठेक्याचं काम झालं, पोरी. फक्त ड्रेस चांगला हाय."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र राग आला होता. ट्रेनिंगसाठी तू स्वतःच्या पीएफमधून पैसे काढले होतेस, आणि तूच असं बोलावंस? पण तेच पत्र तू नंतर पदराला हात पुसून दोनदा वाचलंस, हेही मी पाहिलं. पुढे चौदा एप्रिलच्या जयंतीला वॉर्डातल्या लोकांनी माझा सत्कार केला. स्टेजवरून उतरते न उतरते तोच जो तो तुला गाठून विचारायला लागला, "किती भेटते पोरीले?" तू सगळ्यांना एकच उत्तर दिलंस, "भेटते पोटापुरतं." घरी आल्यावर मला म्हणालीस, लोकांना आकडा सांगायचा नाही, आकडा सांगितला की माणसं आपल्याशी पहिल्यासारखी बोलत नाहीत. ते मी अजून पाळते.

त्याच भाकरीच्या दिवशी तू मला बढतीचंही विचारलंस. मी सांगितलं, आधी शिकाऊ, मग फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या खुर्चीवरचा वैमानिक, मग बऱ्याच वर्षांनी कॅप्टन. त्याला उड्डाणाचे तास भरावे लागतात, वरचं लायसन्स लागतं, आणि एवढं असूनही कंपनीत आपला नंबर लागावा लागतो. जो आधी रुजू झाला तो आधी. कितीही हुशार असलात तरी पुढच्याला ओलांडून जाता येत नाही, आणि कंपनी सोडून दुसरीकडे गेलात तर तिथल्या रांगेत सगळ्यांत मागे. यावर तुझा चेहरा पहिल्यांदा खुलला. "ह्याले आमच्याकडे सेवाज्येष्ठता म्हन्तात," तू म्हणालीस. विमान कंपनी ही काहीतरी नियम असलेली जागा आहे, अशी तेव्हा तुझी खात्री पटली असावी. आणि लगेच तू तो प्रश्न विचारलास, "मंग परमनंट कधी होशीन?"

मला गाडी गाठायची होती. घास तोंडात होता. मी म्हटलं, "कॅप्टन झाले की समज परमनंट. फक्त दरवर्षी मेडिकल पास व्हावं लागतं."

"त्यात काय पाह्यतात?"

"डोळे, कान, ईसीजी, रक्त, सगळंच."

"अन् नापास झाली त?"

"तर बरं होईपर्यंत उडायचं नाही. फार दिवस झाले तर पगारही थांबतो."

"घरच्यांचं बी इचारतात काय?"

"विचारतात ना. आईवडिलांना शुगर आहे का, हार्टचं काही आहे का, असा रकाना असतो."

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. ती टम्म फुगली. तू ती माझ्या ताटात टाकलीस आणि पुढे काही विचारलं नाहीस. मला वाटलं, तपासणी संपली.

पुढच्या दिवाळीत मी घरी आले तेव्हा तू गच्चीचा जिना चढताना मधेच थांबलीस, कठड्याला धरून. मी म्हटलं, धाप लागते का? डॉक्टरकडे जाऊ या. तू माझ्यावर खेकसलीस, "वजन वाढलं हाय, बाकी काई नाई. तू तुह्या इमानाकडे पाह्य." अशी तू माझ्यावर फारशी खेकसत नसायचीस, म्हणून ते लक्षात राहिलं. त्याच सुमारास तू महिन्यातून एकदा अमरावतीला मावशीकडे जायला लागलीस. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला, तिथून ऑटोनं तिच्या घरी, संध्याकाळी परत. हंगामात येताना मावशीच्या सासरची, मोर्शीकडची संत्री पिशवी भरून आणायचीस. बहीण बहिणीकडे जाते, येताना संत्री आणते, यात कोणाला काय विचारायचं असणार? बाबा तर म्हणतात, संत्री सोलून सोलून नखं पिवळी झाली होती.

मग तू गेलीस. मी तेव्हा उजव्या खुर्चीवर, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. विमान उतरल्यावर फोन सुरू केला आणि कळलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगते. एक वर्ष असं आलं की साथीमुळे सगळी विमानं जमिनीवर उभी राहिली. ठरलेले तासही गेले, पगार नावापुरता उरला, मग बिनपगारी रजा. मी अकोल्यात बाबांजवळ येऊन राहिले आणि त्यांच्या शाळेच्या पेन्शनवर दोघांनी घर चालवलं. भाजी निवडताना रोज तुझं ठेक्याचं काम आठवायचं. पुन्हा उड्डाणं सुरू झाली, पण माझा नंबर कितीतरी दिवस तिथेच अडकून होता, कारण नवी विमानं आल्याशिवाय नवे कॅप्टन लागत नाहीत. शेवटी तो लागला. पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा परीक्षा, आणि मग डावी खुर्ची. पगार जवळपास दुप्पट झाला. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बेसिक किती?" आम्ही दोघंही हसलो, आणि मग मला फोन ठेवावा लागला.

गेल्या महिन्यात रजा मिळाली तेव्हा पेढे घेऊन मावशीकडे गेले. ती ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. मी फोनमधला युनिफॉर्मचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून खांद्यावरच्या पट्ट्या मोजल्या. "चार झाल्या ना? म्हंजे कॅप्टन ना?" मी हो म्हटलं आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आनंदानं रडते आहे.

"तुह्या मायनं मले शपथ घातली होती," ती म्हणाली. "पोरगी कॅप्टन होईस्तोवर तोंड उघडायचं नाई म्हने. एकदा परमनंट झाली की मंग सांग. आता मी मोकळी झाली, बाप्पा."

मग तिनं सांगितलं. अमरावतीचे डॉक्टर, हृदयाची बुजत चाललेली नळी, गोळ्या. स्प्रिंग टाकावी लागेल असं ते दर महिन्याला सांगायचे आणि तू दर महिन्याला पुढे ढकलायचीस. मी विचारलं, का? अकोल्यात दवाखाने नव्हते का?

"अकोल्यात कोनी पाह्यलं त? अन् दवाखान्याचं बिल भरपाईले लावलं त तिच्याच हापिसात फाइल फिरन. रजेचा अर्ज, सर्टिफिकेट. कागदावर आलं की ते कुठंबी पोचते म्हने, पोरीच्या मेडिकलवाल्यापर्यंत."

"मग बिल लावायचं नव्हतं. पैसे मी दिले असते."

"मी बी तेच म्हटलं. म्या म्हटलं, पोरीले सांग, ती देईन. त म्हने, तिले सांगतलं त तिले फार्मात लिहा लागीन, नाई त खोटं लिहा लागीन. तिले माइतच नसलं, त तिचं 'नाही' लिहिनं खरं राह्यते."

हे वाक्य तुझंच आहे, यात मला क्षणभरही शंका आली नाही. मावशीला असं सुचलंच नसतं. अकोल्याला परतताना गाडीत खिडकीशी बसून मी तुझ्याशी मनात कडाकडा भांडले. पावतीशिवाय एक बिल पुढे न सरकवणारी बाई तू. एखाद्या नियमाचा अर्थ लागला नाही तर मुंबईपर्यंत फोन करायचीस. आणि इथे, एवढ्या मोठ्या गोष्टीत, तुला भाकरी थापताना विचारलेला एक प्रश्न पुरला? आहे का असा रकाना, एवढंच विचारलंस. त्या रकान्यात 'हो' लिहिलं तर काय होतं, ते विचारायचं तुला सुचलं नाही. आणि मी तरी काय सांगणार होते, मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक आहे. गाडीतच आठवलं ते. तू गेल्यानंतर दीडेक महिन्यात माझं वार्षिक मेडिकल आलं होतं. तपासणारे डॉक्टर वयस्क होते, समोर माझा फॉर्म. त्या रकान्यात मी पहिल्यांदाच 'हो' लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "मदर?" मी म्हटलं, "हार्ट अटॅक." त्यांनी तिथे बरोबरची खूण केली, माझ्या ईसीजीची पट्टी एकदा डोळ्यांखालून घातली, म्हणाले, "तुमचा नॉर्मल आहे, वजन सांभाळा," आणि पुढचा प्रश्न विचारला: रात्री नीट दिसतं ना? मग फिट म्हणून सही केली. तेव्हा मला एवढंच वाईट वाटलं होतं की त्यांनी साधं 'अरेरे'सुद्धा म्हटलं नाही. आई, एवढंच होतं ते. एक खूण आणि पुढचा प्रश्न.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगावं का, ते अजून ठरत नाही. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही याचं मात्र मला बरं वाटतं, कारण समोर असतीस तर यातलं मी तुला काहीच सांगितलं नसतं. तू विचारलं असतंस, "माह्यामुळे तुह्या नोकरीले काई झालं नाई ना, पोरी?" आणि मी म्हणाले असते, नाही आई, तू सांगितलं नाहीस म्हणूनच टिकली.